वॉबॅश कॉलेजात मुलगा पाठवताना: वर्ग, फ्रॅटर्निटी आणि शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा

प्रश्न असा आहे: मुलगा बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या वॉबॅश कॉलेजकडून प्रवेश आणि बऱ्यापैकी स्कॉलरशिप आली आहे. कॉलेज फक्त मुलांचं, विद्यार्थी सुमारे साडेआठशे. तिथे अभ्यास कसा चालतो, फ्रॅटर्निटीच्या (विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेच्या) घरात राहू द्यावं का, आणि सायन्सचा मुलगा बी.ए. होऊन पुढे काय करणार?

शेवटची शंका आधी घेऊ, कारण घरात वाद बहुधा तिच्यावरूनच होतो. वॉबॅश सगळ्यांना एकच पदवी देतं, बॅचलर ऑफ आर्ट्स. रसायनशास्त्र घेतलेला, गणित घेतलेला, इतिहास घेतलेला, सगळे बी.ए.च. लिबरल आर्ट्स कॉलेजांत ही जुनी रीत आहे. तिथल्या पीएचडी प्रवेश समित्या आणि कंपन्या पदवीच्या नावाऐवजी मेजर (मुख्य विषय) कोणता आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) काय आहे ते पाहतात. पदवीनंतर अमेरिकेत कामाचा अनुभव घेण्यासाठी जी परवानगी मिळते, ती १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञान गटातल्या विषयांना तिच्यावर आणखी २४ महिने मिळतात. हे ठरतं व्हिसासाठी कॉलेज देतं त्या आय-२० या कागदावर मेजरसमोर छापलेल्या विषय-कोडवरून, बी.ए. की बी.एस्सी. यावरून नाही. म्हणून मुलाचा कल अर्थशास्त्राकडे असेल तर एक गोष्ट आधीच विचारा. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा कोड वेगळा आणि गणिती अर्थशास्त्राचा वेगळा. दुसरा त्या गटात बसतो, पहिला बसत नाही. कॉलेज कोणता वापरतं हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय ईमेलवर सांगतं. ते उत्तर जपून ठेवा.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर तीन वर्षं वॉबॅशला आणि पुढची दोन भागीदार विद्यापीठात, अशा रचनेतून दोन पदव्या मिळतात. मात्र शेवटच्या दोन वर्षांची फी आणि मदत ते दुसरं विद्यापीठ ठरवतं, आणि परदेशी विद्यार्थ्याला तिथे वॉबॅशइतकी सवलत मिळेल असं धरून चालू नका. डॉक्टर व्हायचं असेल तर ही वाट फार अरुंद आहे: अमेरिकेतली बरीचशी वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी नागरिकांना घेतच नाहीत, आणि भारतातल्या एमबीबीएसला ही पदवी उपयोगी पडत नाही. तिथे ‘नीट’ (NEET) परीक्षाच लागते.

आता कॉलेज. स्थापना १८३२ ची. गाव क्रॉफर्ड्सव्हिल, इंडियानापोलिसच्या वायव्येला पाऊण-एक तासावर, वस्ती साधारण सोळा हजार. अमेरिकेत फक्त मुलांची, चार वर्षांची, धार्मिक शिक्षणासाठी नसलेली कॉलेजं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत: वॉबॅश, व्हर्जिनियातलं हॅम्पडेन-सिडनी आणि अटलांटातलं मोअरहाउस, जिथून मार्टिन ल्यूथर किंग १९४८ साली पदवीधर झाले. खासगी कॉलेजांच्या पदवी प्रवेशाला लिंगभेदविरोधी शिक्षण कायद्यात सूट आहे, म्हणून हे कायद्याने चालतं. मुलींना प्रवेश द्यावा का यावर वॉबॅशमध्ये मोठा वाद झाला आणि १९९२ मध्ये विश्वस्तांनी फक्त मुलांचंच ठेवायचं ठरवलं. प्राध्यापकवर्गात स्त्रिया आहेत. फक्त विद्यार्थी सगळे मुलगे.

आपल्याकडच्या हुशार मुलाला या कॉलेजात पहिला धक्का विषयांच्या अवघडपणाचा बसत नाही. तो बसतो बोलण्याचा. बारावीपर्यंत वर्गात गप्प बसून, घरी घोकून, मार्चमध्ये पेपर लिहून नव्वद टक्के मिळतात. इथे वर्गात बारा-पंधरा मुलं एका टेबलाभोवती, आणि गप्प बसणाऱ्याचे गुण तिथल्या तिथे कापले जातात. पहिल्या सत्रापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळी रचना ‘तोंडाने विचार मांडून दाखव’ याच एका मागणीवर उभी आहे. बाकी तपशील वाचताना हे ध्यानात ठेवा.

पदवीला ३४ क्रेडिट लागतात आणि बहुतेक पूर्ण सत्राचा कोर्स एका क्रेडिटचा असतो. आठ सत्रांत चार-चार घेतले तर ३२ होतात, म्हणजे कुठेतरी दोनदा पाच घ्यावे लागतात. ते पाच पहिल्या सत्रात घेऊ नयेत. आपल्याकडची मुलं ‘चारच विषय?’ म्हणून पाचवा जोडतात आणि ऑक्टोबरमध्ये बुडतात. कारण चार विषयांत मिळून आठवड्याला दीड-दोनशे पानांचं वाचन, एक-दोन प्रॉब्लेम सेट, तीन तासांची प्रयोगशाळा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी निबंध असतो. वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास धरा.

पहिल्या सत्रात प्रत्येकाला फ्रेशमन ट्यूटोरियल असतो. विषय प्राध्यापकाच्या आवडीचा; कुणी बुद्धिबळावर घेईल, कुणी साथीच्या रोगांवर. उन्हाळ्यात पसंतीक्रम मागतात तेव्हा मुलगा ‘माझ्या मेजरच्या जवळचा’ शोधतो. तसं करू नये. इथे शिकायचं असतं ते वाचणं, लिहिणं आणि बोलणं, म्हणून ज्यावर तो जेवताना आपणहून बोलेल तो विषय निवडावा. दुसऱ्या सत्रात एन्ड्युअरिंग क्वेश्चन्स हा कोर्स, तो पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना एकच. शिकवणारा रसायनशास्त्राचाही असू शकतो आणि वाचायला तत्त्वज्ञान असतं. तो मुद्दाम तसा ठेवला आहे: टेबलावर कुणीच त्या पुस्तकाचा अधिकारी नाही, त्यामुळे मुलांना बोलावंच लागतं.

तयारीची एक पद्धत लागू पडते. प्रत्येक वाचनातून एक उतारा पान क्रमांकासह खुणावून ठेवायचा आणि दोन प्रश्न वहीत लिहायचे, त्यातला एक असा की ज्याचं उत्तर स्वतःला खरंच माहीत नाही. तास सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा तोंड उघडायचं. उशीर केला की चर्चा पुढे जाते, आपला मुद्दा शिळा होतो आणि मग पूर्ण तास गप्प जातो. इंग्रजी उच्चारांची लाज हे कारण मुलं सांगतात. पण पहिल्या महिन्यात इंडियानातल्या खेड्यातून आलेली मुलंही तितकीच बिचकलेली असतात.

पहिला निबंध सी ग्रेड घेऊन परत येतो. हे इतकं सर्रास घडतं की आईवडिलांनी आधीच माहीत करून घ्यावं. कारण जवळजवळ नेहमी एकच: मुलाने सारांश लिहिलेला असतो, युक्तिवाद नाही. लेखकाने काय म्हटलं हे तीन पानं, आणि त्यावर ‘मला असं का वाटतं’ हे शेवटच्या दोन ओळींत. उपाय असा: पहिल्या परिच्छेदात एक वाक्य असं हवं की ज्याला समजूतदार माणूस विरोध करू शकेल. प्रत्येक परिच्छेदात मूळ पुस्तकातलं एक अवतरण आणि त्याच्या दुप्पट स्वतःचं स्पष्टीकरण. कच्चा खर्डा मुदतीच्या तीन दिवस आधी लेखन केंद्रात न्यावा. आदल्या रात्री नेला तर तिथे फक्त स्वल्पविराम दुरुस्त होतात. आणि सी मिळालेला निबंध घेऊन त्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला (भेटीच्या ठरलेल्या वेळेला) जावं. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जाणं म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ होतो. तिथे ते रोजचं काम आहे, आणि न जाणाऱ्या मुलाला आस्था नाही असं धरलं जातं. पुढे शिफारसपत्रं हेच लोक लिहितात. ज्याने चार वर्षांत दार ठोठावलं नाही त्याच्याबद्दल लिहायला त्यांच्याकडे काही नसतं.

मेजरखेरीज वेगवेगळ्या गटांतले विषय सगळ्यांना सक्तीचे: साहित्य-कला, इतिहास-तत्त्वज्ञान-धर्म, वर्तनविज्ञान, प्रयोगशाळेसह विज्ञान, संख्यात्मक कौशल्य आणि परकी भाषा. मेजरबरोबर एक मायनरही (दुय्यम विषय) लागतो. भाषेच्या अटीबद्दल प्रवेशानंतर लगेच रजिस्ट्रारला लिहा: मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्याला त्यातून सूट मिळते का आणि त्यासाठी कोणता पुरावा चालतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांच्या बाबतीत हे आपोआप होईल असं समजू नये. गणिताच्या प्लेसमेंट परीक्षेत आपली मुलं वरच्या कॅल्क्युलसला जातात. जरूर जावं, पण इंटिग्रेशनची सूत्रं येतात आणि लिमिटची व्याख्या सांगता येत नाही अशी अवस्था असेल तर उन्हाळ्यात तेवढं पक्कं करून जावं. तिथे ‘का’ विचारतात.

प्रामाणिकपणाबद्दल स्पष्टच लिहायला हवं, कारण आपल्याकडे जर्नल उतरवून काढणं हा गुन्हा समजला जात नाही. तिथे समजला जातो. मित्राचं लॅब रीडिंग घेणं, वेबवरचा परिच्छेद शब्द बदलून वापरणं, परवानगी नसताना एआयकडून मजकूर लिहून घेणं, हे सगळं त्यात येतं. एकदा सापडला तर त्या विषयात नापास होण्यापर्यंत पाळी येते; दुसऱ्यांदा कॉलेजच सुटतं, आणि कॉलेज सुटलं की व्हिसाही जातो. प्रॉब्लेम सेटवर एकत्र बसणं काही प्राध्यापकांना चालतं, काहींना नाही. प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये ते लिहिलेलं असतं. नसेल तर पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावं.

वॉबॅशच्या अभ्यासाचा कणा म्हणजे कॉम्प्स, शेवटच्या वर्षाची सर्वंकष परीक्षा. चौथ्या वर्षी जानेवारीत, वसंत सत्राच्या तोंडावर, मेजरची लेखी परीक्षा दोन दिवस चालते. मग तोंडी. समोर तीन प्राध्यापक: एक मेजरचा, एक मायनरचा आणि तिसरा पूर्णपणे बाहेरच्या विभागातला. तास-पाऊण तास ते काहीही विचारू शकतात. डिस्टिंक्शन, हाय पास, पास आणि फेल अशा श्रेणी असतात. यात पास झाल्याशिवाय पदवी नाही, मग ग्रेड कितीही चांगल्या असोत. नापास झालेल्याला पुन्हा संधी मिळते, पण ती परीक्षा डोक्यावर घेऊन शेवटचं सत्र काढणं फार जड जातं.

लेखीत मुलं अडकतात ती दुसऱ्या वर्षाच्या विषयांत. चौथ्या वर्षाचं ताजं असतं. दुसऱ्या वर्षी शिकलेलं थर्मोडायनॅमिक्स किंवा अर्थशास्त्राची मूळ मॉडेलं पुसट झालेली असतात. म्हणून मेजरच्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, परत आलेले पेपर आणि लॅबच्या वह्या पहिल्या वर्षापासून एका फाइलमध्ये ठेवायच्या. तयारी सप्टेंबरपासून, आठवड्यातून एक संध्याकाळ, त्याच मेजरच्या तीन-चार जणांनी मिळून. विभागाकडे मागच्या वर्षांचे प्रश्न मागावेत. थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतर) फक्त सराव: घड्याळ लावून पूर्ण उत्तर लिहिणं. डिसेंबरात भारतात येऊन लग्नसराईत तीन आठवडे घालवणाऱ्या मुलाचं जानेवारीत काय होतं ते ओघानेच आलं. त्या एका वर्षी त्याला घरी बोलावू नका, किंवा बोलावलंत तर रोजचे चार तास त्याला मोकळे द्या.

तोंडीत घात करतो तो बाहेरचा प्राध्यापक. तो रसायनशास्त्राच्या मुलाला विचारेल, ‘तू पहिल्या वर्षी वाचलेल्या कुठल्या पुस्तकाशी तुझं आता पटत नाही?’ इथे पाठांतर कामाचं नाही. सुरुवातीला सांगितलेला तो टेबलाभोवतीचा सराव इथे उपयोगी पडतो: ज्याने सात सत्रं तोंड उघडलं आहे त्याला हा तास गप्पांसारखा जातो. उत्तर येत नसेल तर ‘मला हे माहीत नाही, पण मी असा विचार करून पाहीन’ म्हणून मोठ्याने विचार करणं पूर्ण मान्य आहे. गप्प बसणं किंवा ठोकून देणं, दोन्ही महागात पडतं.

आता राहणं. वॉबॅशमध्ये वर्तनाचा नियम एकच आहे, जेंटलमन्स रूल: विद्यार्थ्याने कॅम्पसवर आणि बाहेर, सदासर्वकाळ सभ्य गृहस्थ आणि जबाबदार नागरिक म्हणून वागावं. हॉस्टेलचे चाळीस नियम भिंतीवर चिकटवलेले नाहीत. ऐकायला छान वाटतं आणि बहुतेक वेळा चालतंही, पण त्याचा अर्थ असा की रात्री दहा वाजता कुणी ‘झोप’ म्हणणार नाही आणि तास बुडवला तर घरी फोन येणार नाही. अमेरिकन कायद्यानुसार ग्रेडसुद्धा मुलाच्या संमतीशिवाय कॉलेज तुम्हाला सहसा सांगत नाही. संमतीचा फॉर्म असतो. तो भरायचा की नाही हे जाण्यापूर्वी मुलाशी बोलून ठरवा.

निम्म्याहून जास्त मुलं फ्रॅटर्निटीच्या घरांत राहतात, आणि इथली वेगळी गोष्ट अशी की पहिल्या वर्षाची मुलंही पहिल्या दिवसापासून तिथे राहू शकतात. बाकीचे ‘इंडिपेंडंट’ म्हणून हॉलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात, राहतात आणि कॉलेजच्या भोजनगृहात जेवतात. घरात गेलेला नवा मुलगा पहिलं सत्र प्लेज असतो: घराची सफाई, घराचा इतिहास पाठ करणं, ठरलेल्या वेळी एकत्र अभ्यास, आणि होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या) चॅपेल सिंगची तयारी. त्यात सगळे प्लेज चॅपेलसमोर उभे राहून कॉलेजचं लांबलचक गीत पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत म्हणतात आणि पट्टेरी ओव्हरऑल घातलेले स्फिंक्स क्लबचे (कॉलेजच्या परंपरा जपणाऱ्या मंडळाचे) विद्यार्थी पाठांतर तपासत फिरतात.

फायदे खरे आहेत. परदेशी मुलाला एका रात्रीत तीस-चाळीस माणसं मिळतात, थँक्सगिव्हिंगला कुणाच्या तरी घरी ताट वाढलेलं असतं, इंटर्नशिपसाठी माजी विद्यार्थी फोन उचलतात. आणि धोकेही खरे आहेत. २००८ मध्ये एका फ्रॅटर्निटीच्या घरात पहिल्या वर्षाचा मुलगा अतिमद्यपानाने दगावला. ते घर कॉलेजने बंद केलं. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, तसा हेझिंगविरोधी (तिथल्या रॅगिंगविरोधी) कायदा इंडियानातही आहे. शिवाय डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक कॉलेजला हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचा पारदर्शकता अहवाल वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलं आहे. कुठलंही घर निवडण्यापूर्वी तो वाचा.

आमचा सल्ला: मुलगा आपणहून लोकांत मिसळणारा असेल आणि अभ्यासाची वेळ स्वतः पाळत असेल तर फ्रॅटर्निटीचं घर चांगलं. बुजरा आणि ‘नाही’ म्हणायला कचरणारा असेल तर पहिलं वर्ष हॉलमध्ये काढावं. नंतरही घरात जाता येतं. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. मागच्या सत्रातली घराची सरासरी ग्रेड. राष्ट्रीय संघटनेची वर्गणी, दीक्षा शुल्क आणि जेवण धरून सगळा खर्च लेखी. आणि रविवारी सकाळी त्या घरात चक्कर. शनिवारी संध्याकाळी सगळीच घरं छान दिसतात.

दारूचं वय इंडियानात २१ आहे. मुलाला दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. कुणी बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल तर ९११ ला फोन करायचा. २०१२ च्या लाइफलाइन कायद्यामुळे मदत बोलावून तिथेच थांबणाऱ्या आणि पोलिसांना सहकार्य करणाऱ्या २१ वर्षांखालच्या मुलावर पिण्याबद्दल खटला भरत नाहीत. दुसरं, दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, दोष सिद्ध व्हायची वाट पाहत नाहीत.

मुली वर्गात नसल्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. वर्गात मुलं मोकळी होतात, दिखावा कमी, मूर्ख प्रश्न विचारायची भीती कमी. पण आठवडाभर फक्त पुरुषांत राहिलेला अठरा वर्षांचा मुलगा शनिवारच्या पार्टीत दुसऱ्या कॉलेजातल्या मुलींना भेटतो, आणि संमती म्हणजे काय याची स्पष्ट समज घेऊन तो आलेला नसेल तर तिथेच गडबड होते. ही चर्चा घरी, विमानात बसण्यापूर्वी व्हायला हवी, संकोच बाजूला ठेवून.

खेळाचं वेड मोठं. कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, तरी बरीच मुलं कुठल्या ना कुठल्या संघात असतात. नोव्हेंबरात डीपॉ विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो. ही चढाओढ १८९० पासूनची, आणि १९३२ पासून जिंकणाऱ्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनाची सुमारे १३५ किलोची घंटा मिळते. त्या आठवड्यात अभ्यास होत नाही. निबंध आधीच उरकावेत.

हिवाळा आपल्या मुलांना अंधारामुळे जड जातो, थंडीमुळे तितका नाही. जानेवारीत सूर्य आठनंतर उगवतो, साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, पारा शून्याखाली दहापर्यंत जातो. झोप उलटी होते, सकाळचे तास बुडतात, मग लाजेने प्राध्यापकांना भेटणं थांबतं. पुरुषांच्या कॉलेजात ‘मला बरं वाटत नाही’ हे वाक्य उशिरा येतं. फोनवर ‘जेवलास का’ एवढंच न विचारता ‘सकाळच्या तासाला गेलास का’ हेही विचारा. घसरण तिथे आधी दिसते. कॉलेजचं समुपदेशन केंद्र विनाशुल्क आहे.

शाकाहारी मुलाला हॉलच्या जेवणात भागतं. फ्रॅटर्निटीत स्वयंपाकी घराचा असतो, त्याला पहिल्याच दिवशी लिहून द्यावं: अंडं चालतं का, चिकनच्या रश्श्यात शिजवलेला भात चालत नाही, जिलेटीन चालत नाही. भारतीय किराणा पन्नासेक किलोमीटरवर परड्यू विद्यापीठाच्या परिसरात मिळतो. गाडीवाला मित्र लागतो. पाच लिटरचा प्रेशर कुकर नेला तरी खोलीत शेगडी चालत नाही, तेव्हा आधी नियम विचारा. गावात अ‍ॅमट्रॅक (अमेरिकेची प्रवासी रेल्वे) थांबते, पण शिकागो गाडी आठवड्यातून तीनच दिवस, विमानासाठी इंडियानापोलिस. डिसेंबरच्या सुट्टीत घरं आणि हॉल बंद होतात, त्यामुळे भारतात येणार नसेल तर राहण्याची सोय ऑक्टोबरातच लावून ठेवावी.

पैशाचं गणित: शिकवणी, राहणं, जेवण मिळून यादीतली किंमत वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे जाते आणि दरवर्षी थोडी वाढते. स्कॉलरशिप मात्र बहुधा ठरावीक रकमेची असते, म्हणजे वाढलेला सगळा फरक तुमच्या खिशातून. सत्रात कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. त्यातून वरखर्च निघतो, फी नाही. स्कॉलरशिप टिकवायला किती ग्रेड लागते, ती एकदा घसरली तर परत मिळते का, आणि चौथ्या वर्षापर्यंत फी दरवर्षी सरासरी किती वाढली आहे, हे तीन प्रश्न प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारा आणि उत्तरं हातात आल्यावरच डिपॉझिट भरा. मुदत साधारण १ मे असते. परदेशी अर्जदाराने कारण सांगून मागितली तर ती थोडी वाढवूनही मिळते.